सूट मिळाली म्हणजे स्वातंत्र्य मिळालं का?

‘आमच्या घरात बायकांना कुणी अडवत नाही,’ हे वाक्य बदलापूरच्या शिरगावातही ऐकू येतं आणि बोलणारा बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. पण न अडवणं दुसऱ्याच्या मर्जीवर असेल, तर ती सवलत असते. बदलापूरपासून जवळच असलेल्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं, हे खरंच. त्याच गोपाळरावांना तिने अमेरिकेतून पाठवलेल्या पत्रात लहानपणी त्यांच्याच हातून खाल्लेल्या माराची आठवण करून दिली होती. शिकायचं की नाही, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं.

म्हणून दडपण ओळखायचं तर बाई ‘नाही’ म्हणाली की पुढे काय होतं, ते पाहावं. लहानपणी लावलेल्या लग्नात नांदायला रखमाबाईंनी नकार दिला. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद.

‘बंधनं पुरुषांवरही असतात की!’ असतात. रडायचं नाही, कमावलंच पाहिजे, याचा जाच खराच आहे. पण प्रत्येक त्रास म्हणजे दडपशाही नव्हे. मॅरिलिन फ्राय या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९८३ मध्ये पिंजऱ्याचं उदाहरण दिलं: एकच तार पाहिली तर पक्षी उडून का जात नाही ते कळत नाही, सगळ्या तारा एकत्र पाहिल्या की कळतं. उशिरा घरी यायचं नाही, एकटीने घर भाड्याने घ्यायचं नाही, पगाराचा हिशेब द्यायचा, हे सगळे नियम तिला कुणावर तरी अवलंबून ठेवतात. पुरुषाच्या वाट्याला आलेले नियम सहसा घरातला त्याचा शब्द शाबूत ठेवतात.

‘कमावती झाली की सुटली,’ हाही असाच समज. संध्याकाळच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवरच्या पिशवीत मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, कारण घरी पोचताच फोडणी द्यायची असते. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ८८.

सगळ्यात चिवट समज म्हणजे ‘कायद्याने सगळं दिलंय.’ महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे देशाच्या अकरा वर्षं आधी, हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. त्या वेळी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्याही आल्या. पण बदलापूर परिसरात शेतजमिनींवर इमारती उभ्या राहू लागल्या, सातबाऱ्याला भाव आला, आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र येऊ लागलं. मारझोड नाही, धमकी नाही. ‘ताई, सही कर, माहेर तुटायला नको,’ एवढंच. सही केली की ती गुणी, नाही केली तर हावरी. भावाकडे अशी सही कुणी मागत नाही. ही सही स्वखुशीची म्हणून नोंदवली जाते. मला ती तशी वाटत नाही.

ताई, असा कागद समोर आला तर लगेच सही करू नका. आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.