मॅनिफोल्डला तडा गेलाय का? मळणीआधी बघून घ्या



एरवी फवारणी आणि खताचे मेसेज पाठवणारा मी, आज ट्रॅक्टरवर का बोलतोय? कारण गहू पिवळा पडायला लागलाय आणि हरभऱ्याची काढणी तोंडावर आहे. आता आपले १५-२० वर्षांचे ट्रॅक्टर मळणी यंत्राला जोडून एकाच जागी तासन्‌तास चालतील. चारी बाजूंनी भुसा उडेल. अशा वेळी इंजिनावरचा सगळ्यात गरम भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याला तडा असेल तर ५०० अंशांच्या आसपास तापलेला धूर सायलेन्सरमधून वर न जाता बाजूला फेकला जातो, थेट भुश्याकडे, डिझेलच्या नळीकडे किंवा वायरिंगकडे. वर्षभराचं पीक खळ्यावर असताना ही जोखीम नको.

खाली लिहिलेलं शेतात फिरणाऱ्या जुन्या डिझेल जीपलाही तसंच लागू आहे.

*मॅनिफोल्ड म्हणजे कोणता भाग?*
इंजिनाच्या हेडला बाजूने बोल्टने बसवलेला बिडाचा जाड, फांद्या फुटलेला पाइप. प्रत्येक सिलेंडरचा धूर गोळा करून तो सायलेन्सरला देतो.

*तडा का जातो?*
तापलं की बीड लांबतं. अर्धा मीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४५० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरच्या वर लांबतो. हेडला मात्र पाण्याचा थंडावा असतो, ते पाव-अर्धा मिलिमीटरच लांबतं. म्हणजे रोज प्रत्येक वेळी मॅनिफोल्ड हेडवर थोडा सरकतो आणि परत येतो. त्याला सरकायला जागा मिळाली नाही की तो फुटतो. याची नेहमीची कारणं अशी:
▪️ नट गरजेपेक्षा जास्त आवळलेले
▪️ एखादा स्टड तुटलेला, त्यामुळे सगळा ताण बाकीच्यांवर
▪️ सायलेन्सरचा क्लँप किंवा आधार तुटलेला, त्यामुळे सगळं वजन आणि थरथर मॅनिफोल्डवर
▪️ गरम इंजिनावर धुताना मारलेलं थंड पाणी
▪️ जड कामानंतर लगेच इंजिन बंद करायची सवय

नुसता तडा भरून भागत नाही. यातलं कारण तसंच राहिलं तर तो पुन्हा जाणार.

*ओळखायचं कसं?*
१) सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक किंवा फट-फट आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो. तापल्यावर बीड फुगून तडा मिटतो म्हणून असं होतं. आवाज गेला म्हणजे तडा गेला असं समजू नका.
२) मॅनिफोल्डवर किंवा हेडच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो.
३) सीटवर बसल्यावर धुराचा वास येतो, डोळे चुरचुरतात.
४) खात्री करायची असेल तर पूर्ण थंड इंजिनावर मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने घासा. त्यावर थोडं डिझेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. मग वरून खडूची पूड लावा. तड्यात मुरलेलं डिझेल खडूवर ओली रेघ उमटवतं. नंतर सगळं नीट पुसल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

चालू इंजिनावर हात फिरवून गळती शोधू नका, भाजेल. आणि बंद शेडमध्ये असा ट्रॅक्टर चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होईपर्यंत माणसाला ते कळतही नाही.

*नवा घ्यायचा की वेल्डिंग?*
आधी दोन्हीकडचा भाव विचारा. वेल्डिंगच्या बाजूला मजुरी, रॉड, लेथवर फेस मारणं, नवं गॅसकेट आणि स्टड हे सगळं धरा. चालू मॉडेलचा मॅनिफोल्ड तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत असेल तर बऱ्याचदा नवाच परवडतो. मॉडेल बंद पडलेलं असेल आणि तडा छोटा, एकाच जागी असेल तर वेल्डिंगला अर्थ आहे. तडा हेडला टेकणाऱ्या फ्लँजपर्यंत गेला असेल, किंवा दोन-तीन ठिकाणी असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालवू नका.

*काढताना*
बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवा. पान्याला पाइप लावून जोर लावू नका, गंजलेला स्टड तुटला की हेडमधून काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं होतं. जुनं गॅसकेट कोरडं खरवडू नका. जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. आधी ओलं करा, मग काढा.

*वेल्डिंगवाल्याला हे विचारा*
बिडात साधारण ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, साध्या लोखंडात त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. म्हणून साध्या रॉडने झटपट जोडलं तर वेल्डिंगशेजारचं बीड काचेसारखं कडक होतं आणि थंड होतानाच बाजूने पुन्हा तडकतं. काम नीट असेल तर असं होतं:
▪️ काजळी आणि तेल पूर्ण साफ केलं जातं
▪️ तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही
▪️ तड्याच्या रेषेवर ग्राइंडरने खाच घेतात
▪️ फक्त तड्याची जागा नाही, तर सगळा मॅनिफोल्ड सारखा तापवतात, साधारण २५०-३०० अंशांपर्यंत
▪️ बिडासाठीचा निकेलचा रॉड वापरतात, एका वेळी इंचभरच भरतात आणि लगेच हलक्या हातोडीने ठोकतात
▪️ शेवटी कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून रात्रभर सावकाश थंड होऊ देतात

पाणी मारून किंवा वाऱ्यावर थंड करायचं नाही. "तासाभरात देतो" म्हणाला तर दुसरा वेल्डर बघा. बिडाला घाई चालत नाही.

*बसवताना*
वेल्डिंगनंतर फ्लँज वाकडा होतो. सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने फट बघा. फट असेल तर लेथवर फेस मारून घ्या. वाकडा फ्लँज नट आवळून सरळ करायला गेलात तर नवीन तडा तिथेच जाईल. नवं गॅसकेट टाका. नट मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, त्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. टोकाची भोकं स्टडपेक्षा मोठी असतील तर ती सरकण्यासाठीच आहेत, वायसर घालून भरू नका. सायलेन्सरचा आधार दुरुस्त करा. एकदा इंजिन तापवून पूर्ण थंड झालं की नट पुन्हा तपासा.

*मळून लावायची लांबी चालेल का?*
नाही. दुकानात मिळणारी साधी इपॉक्सी लांबी इतक्या उष्णतेत टिकत नाही, जळून गळते. एक्झॉस्टसाठीची वेगळी पेस्ट मिळते, ती ट्रॅक्टर गॅरेजपर्यंत नेण्यापुरती ठीक. ती लावून मळणी करू नका.

*यापुढे*
✅ जड कामानंतर दोन-तीन मिनिटं इंजिन स्लो चालवा, मग बंद करा
✅ मळणीत दर दोन तासांनी थांबून मॅनिफोल्डवरचा भुसा झटका, इंजिन बंद करून
✅ ट्रॅक्टर वाऱ्याच्या दिशेने असा लावा की भुसा इंजिनाकडे येणार नाही
✅ खळ्यावर पाण्याचा ड्रम आणि ओली पोती तयार ठेवा

उद्या सकाळी ट्रॅक्टर थंड असतानाच सुरू करून एकदा कान देऊन ऐका. आवाज किंवा काळा पट्टा असेल तर मॅनिफोल्डचा जवळून फोटो आणि ट्रॅक्टरचं मॉडेल याच नंबरवर पाठवा. मी मेकॅनिक नाही, पण आपल्या सभासदांपैकी कोणी कुठे काम करून घेतलंय ते विचारून तुम्हाला कळवेन. गरज पडली तर मळणीसाठी दुसऱ्या सभासदाच्या ट्रॅक्टरची तारीखही जुळवून देऊ. पण त्यासाठी आत्ताच सांगा, गहू खळ्यावर आल्यावर नको.

मेसेज शेजारच्या शेतकऱ्यालाही पाठवा.

— तुमचा कृषी सल्लागार