काचेला चिकटलेले दादा

आमच्या लालबागच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर तसबिरींची एक रांग होती. मधे गणपती, शेजारी विठोबा, मग गावचं ग्रामदैवत आणि अगदी टोकाला दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा गिरणीत साच्यावर होते. पण फोटोत मात्र पांढराशुभ्र शर्ट घालून, श्वास रोखून बसलेले. १९७८ साली परळच्या एका स्टुडिओत काढलेला तो फोटो. पुढे १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि मग फोटो काढून घेण्याचे दिवस आमच्या घरात पुन्हा काही आले नाहीत. त्यामुळे दादांचा धड म्हणावा असा फोटो हा एकच.

गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना मी तसबीर उतरवली. पट्टी वाळवीने पोखरलेली, मागच्या पुठ्ठ्याचा भुगा झालेला. म्हटलं, जुनी चौकट टाकू आणि नवी करू. पकडीने खिळे काढले, पाठ उघडली, तर फोटो काचेला घट्ट चिकटलेला. मी कोपरा धरला आणि ओढला. बारीकसा आवाज झाला. फोटो हातात आला, पण दादांचा डावा गाल आणि कान काचेवरच राहिला. आई मागे उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्या मजल्यावर ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्याकडे फोटो आणि काच घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “ओढायला नको होतंस रे.” मग त्यांनी जे सांगितलं, ते घराघरात ठाऊक असायला हवं.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोचं चित्र कागदात नसतं. ते कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. हे जिलेटिन दमट हवेत पाणी पितं, फुगतं, चिकट होतं. त्याला थेट काच टेकली असेल तर ते काचेलाच धरतं आणि वाळलं की सोडत नाही. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि आमची ती भिंत बाहेरची, जुलैत ओल येणारी. म्हणजे दादा दर वर्षी थोडेथोडे चिकटत होते. असा फोटो ओढू नये. काचेसकटच त्याची नक्कल काढून घ्यावी आणि मूळ फोटोसाठी जाणकाराला विचारावं. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्रच आहे, हेही मास्तरांनीच सांगितलं.

त्या दिवसापासून मी घरच्या फोटोंच्या चौकटी स्वतः करायला लागलो. काम वाटतं तितकं अवघड नाही. आठ बाय दहा इंची फोटो धरून चला. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून आम्लरहित माउंट बोर्ड आणावा. साधा पिवळा पुठ्ठा स्वस्त असतो, पण त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि फोटो पिवळा पडतो. बोर्डाचे अकरा बाय चौदा इंचांचे दोन तुकडे कापावेत. एक पाठीसाठी, दुसऱ्याला खिडकी. खिडकी फोटोपेक्षा थोडी लहान हवी, पावणेआठ बाय पावणेदहा. वर दोन इंच सोडले तर खाली सव्वादोन सोडावेत. दोन्हीकडे सारखंच सोडलं, तर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. नवं ब्लेड, लोखंडी पट्टी आणि खाली जुना पुठ्ठा. एका दमात कापू नये, हलक्या हाताने तीन-चार वेळा ब्लेड फिरवावं. माझ्या पहिल्या दोन खिडक्या वाकड्या झाल्या. तिसरी जमली.

फोटोच्या पाठीला डिंक, रबर सोल्यूशन, सेलोटेप यातलं काहीही लावायचं नाही. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे कागदी कोपरे घरीच घडी घालून करावेत, ते पाठीच्या बोर्डाला चिकटवावेत आणि फोटो त्यांत नुसता अडकवावा. उद्या काढायचा झाला तर अलगद निघतो. खिडकीच्या बोर्डाची जाडी काच आणि फोटो यांच्यामध्ये राहते, तेवढी जागा पुरते. चौकटीची पाठ कागदी गमटेपने चहूबाजूंनी बंद करावी, म्हणजे कसर शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बाटलीच्या बुचाचे काप चिकटवावेत, म्हणजे तसबीर भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळते. बाहेरची भिंत टाळावी. आणि हे काम भर पावसाळ्यात काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

आपल्या या मुंबईत फोटोचं वेड जुनं आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली १८५४ साली. तसबिरीचंही तसंच. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली छापखाना काढला आणि देव छापील चित्रांतून सामान्यांच्या भिंतींवर आले. केकू गांधींनी १९४१ साली ‘केमोल्ड फ्रेम्स’ हा चौकटींचा धंदा सुरू केला. गिरगावाजवळ प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात आरा, हेब्बर, हुसेन अशा चित्रकारांची चित्रं लागत. त्यातूनच पुढे १९६३ साली जहांगीरमध्ये ‘गॅलरी केमोल्ड’ उभी राहिली. म्हणजे चौकट करणाऱ्याच्या दुकानातून एका मोठ्या आर्ट गॅलरीचा जन्म झाला. चौकटीला कमी लेखू नये, ते यासाठी.

आता दादांचं काय झालं ते सांगतो. फोटो आणि काच घेऊन मी दादरला एका स्टुडिओत गेलो. तिथल्या मुलाने संगणकावर गाल नवा भरला, सुरकुत्या पुसल्या, शर्टही उजळला. छापील प्रत सुंदर होती. आईने ती हातात धरली, खिडकीशी नेली आणि परत दिली. म्हणाली, “हा कोण?”

मग मी दुसरा मार्ग धरला. काच फोटोवर अलगद ठेवली, गाल गालाच्या जागी आणला, आणि होतं तसं टिपून घेतलं. जोडाची एक पांढरी रेघ डोळ्याखालून हनुवटीपर्यंत दिसते. ती दिसू दिली. मूळ फोटो आणि काच आम्लरहित कागदात वेगवेगळे गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. नकलेला घरीच माउंट केला, सागवानी पट्टी लावली.

सध्याच्या भाड्याच्या घरात आतल्या भिंतीवर मी ती टांगली. आई कितीतरी वेळ बघत होती. मग रेघेवरून बोट फिरवून म्हणाली, “हेच ते.”

आमच्याकडे जिवंत माणसाची तसबीर भिंतीवर लावत नाहीत. लावली की आयुष्य कमी होतं, असं जुनी माणसं म्हणत. चार दिवसांनी आईच म्हणाली, “माझाही एक काढ आणि लाव तिथं, यांच्या शेजारी. मागून कसाही लावशील. आत्ता लाव, म्हणजे मला बघता येईल, सरळ लागलाय की नाही ते.”

लावला आहे. तीन वेळा सरळ करायला लावला.