नऊ जणांची यादी आणि एकाचा खांदा

जालन्यातल्या कॉलेजांत निवड चाचणीची सूचना लागली की सगळ्यात मोठी गर्दी क्रिकेटला होते, आणि ते साहजिक आहे. याच गावच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने भारताचं नेतृत्वही केलं. असा मुलगा ज्या गावातून निघतो, तिथे पोरं बॅट घेऊनच मोठी होणार. बेसबॉलची चाचणी त्यामुळे बाजूला पडते. पण नीट पाहिलं तर या जिल्ह्यात बेसबॉलचा संघ उभा करण्याजोगी मुलं आधीपासूनच मैदानावर आहेत. फक्त ती दुसऱ्या खेळांच्या जर्सीत आहेत. नव्या हंगामाची तयारी म्हणजे त्यांना हेरणं आणि नेमक्या जागी उभं करणं.

जालन्याची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कॉलेजकडून चांगलं खेळलेल्या मुलाला विद्यापीठ संघाचं दार उघडतं आणि तिथून भारतीय विश्वविद्यालय संघाच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांचं. भारतात हौशी बेसबॉलचा राष्ट्रीय महासंघ १९८३ पासून काम करतो आहे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ परततो आहे. तेव्हा हा खेळ ‘टाइमपास’ म्हणून घेण्याचे दिवस सरले आहेत.

फलंदाजीचा क्रम

बेसबॉलमध्ये नऊ इनिंग्ज असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट. म्हणजे पूर्ण सामन्यात संघाच्या हाती २७ आउट. एकही हिटर, म्हणजे फलंदाज, बेसवर पोहोचला नाही तरी नऊ जण प्रत्येकी तीन वेळा फलंदाजीला प्लेटवर येतात. जसजसे हिटर बेसवर पोहोचतात तसतसा वरच्या क्रमातल्या मुलांना चौथा आणि पाचवा चान्स मिळतो, खालच्यांना तो कमी वेळा मिळतो. क्रम ठरवण्यामागचं गणित एवढंच आहे: ज्याला जास्त वेळा खेळवायचं तो वर.

पहिल्या क्रमांकावर ताकदीपेक्षा चपळाई हवी. चार ‘बॉल’, म्हणजे टप्प्याबाहेरचे चेंडू, सोडून चालत पहिला बेस गाठणारा आणि संधी मिळताच दुसरा बेस चोरणारा मुलगा इथे लागतो. असा मुलगा शोधायला खो-खोच्या मैदानावर जावं. मराठवाड्यात खो-खो मुरलेला आहे. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये याच खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. क्षणात दिशा बदलणं, खांबाला वळसा घालून निघणं, अंग झोकून सूर मारणं ही सगळी कला पोरांच्या अंगात असते. एका बेसपासून दुसरा बेस २७.४३ मीटरवर असतो. खो-खोचं मैदानही साधारण तेवढंच, २७ मीटर लांब. तेवढ्या पल्ल्याची सवय पायांना आधीच असते, नव्याने शिकायचं ते सरपटत बेस गाठणं.

तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर मात्र क्रिकेटमधला दणकट फलंदाज हवा. त्याला दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, बचाव करून उभं राहण्याची. इथे चेंडू हद्दीत पडला की धावावंच लागतं आणि तीन स्ट्राइकमध्ये, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडलेल्या तीन चांगल्या चेंडूंत, निकाल लागतो. दुसरी, चेंडू मागे वळवण्याची. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या पलीकडे गेलेला चेंडू फाउल. लेट कटला आणि ग्लान्सला इथे किंमत नाही, पुलच्या फटक्याला आहे. डावखुरा असेल तर दुधात साखर, कारण तो पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो आणि पाऊल-दीड पाऊल आधी निघतो.

चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा दहावा खेळाडू, म्हणजे डीएच, ही सोय अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणली. नॅशनल लीगने ती कायमची स्वीकारली २०२२ मध्ये. आपल्याकडच्या संघाने ही जागा जपून वापरावी. ज्याचा हात उत्तम पण पाय मंद, त्याला ती द्यावी. एक गोष्ट क्रिकेटच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी: बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे राखीव मुलं पाचव्या इनिंगलाच संपवली तर नवव्या इनिंगला हात चोळत बसावं लागतं.

कॅचर

विकेटकीपर हा उघड पर्याय आहे, पण त्याचं काम इथे दुप्पट होतं. होम प्लेटमागे बसून तो पिचरला कुठला चेंडू टाकायचा याची खूण करतो. धावपटूने दुसरा बेस चोरायला घेतला तर त्याला बसल्या जागेवरून उसळून जवळपास ३९ मीटर थ्रो करावा लागतो. गुडघे, छाती आणि तोंड झाकणारी साधनं घालून दोन-अडीच तास उकिडवं बसायचं, हे पुण्याचं काम आहे. चांगला कॅचर नसेल तर चांगल्या पिचरचे निम्मे चेंडू वाया जातात.

पिचर कुठून आणायचा

संघाचं खरं नशीब इथे ठरतं. बहुतेक प्रशिक्षक आधी वेगवान गोलंदाजाकडे वळतात. पण गोलंदाज धावत येतो आणि कोपर सरळ ठेवून चेंडू सोडतो. पिचरचा एक पाय रबरी पट्टीला लागलेला असतो, कोपर वाकतो आणि सगळा जोर कमरेच्या पिळातून खांद्याकडे जातो. ही हालचाल भालाफेकीच्या जास्त जवळची आहे. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा झाली, तेव्हा पुढे आलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे दोघेही भालाफेकपटू होते. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. बेसबॉलचा गंधही नसलेली पोरं काही महिन्यांत अमेरिकी संघाच्या दारात पोहोचली. म्हणून पहिला निरोप ॲथलेटिक्सच्या सरांना जायला हवा.

चेंडू हातात घेऊन पाहा. वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. शिवणीचा नालाच्या आकाराचा भाग आडवा धरून तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर टेकवलं, अंगठा खाली ठेवला, की झाला फोर-सीम फास्टबॉल. हा सर्वांत सरळ आणि आवरायला सोपा चेंडू. तोच चेंडू तळव्यात खोल धरून, हाताचा वेग तोच ठेवून सोडला की चेंजअप. हिटरला हात वेगाने येताना दिसतो आणि चेंडू मात्र रेंगाळतो. नव्या पिचरला हे दोन चेंडू पुरेसे आहेत. कर्व्हबॉलची घाई नको. प्लेट फक्त ४३ सेंटिमीटर रुंद असते. १८.४४ मीटरवरून दहापैकी सात चेंडू तिच्यावर पडले पाहिजेत, हे पहिल्या महिन्याचं ध्येय ठेवावं. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर पोहोचतो. एवढा वेग नेमकेपणाने मिळाला तरी कॉलेजच्या हिटरला तो जड जातो.

मैदानाचंही भान हवं. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. पिचरचा उंचवटा नियमाने २५.४ सेंटिमीटर उंच असतो. पुढचा पाय पडतो तिथे खड्डा झाला की गुडघा आणि खांदा दोन्ही जातात. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने दाबलेला एक पक्का उंचवटा हा हंगामातला पहिला खर्च असावा.

चेंडूंचा हिशेब

नेटकी इनिंगही पंधराएक चेंडू खाते. नऊ इनिंग्जचे झाले १३५. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये तरुण पिचरसाठी मार्गदर्शक मर्यादा आखल्या. त्यानुसार १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसात १०५ आणि १९ ते २२ वर्षांच्या मुलाने १२० पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी तो मोकळा. ४६ ते ६० टाकले तर दोन दिवस विश्रांती, ८१ च्या पुढे गेला तर निदान चार दिवस. सोमवारी ८५ चेंडू टाकलेला मुलगा थेट शनिवारी उभा राहील. स्पर्धेत सामने मात्र लागोपाठ असतात. म्हणून एका बिनीच्या पिचरवर विसंबलेला संघ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उघडा पडतो. चार हात हवेत. दोघे लांब पल्ल्याचे, तिसरा मधल्या इनिंग्ज सांभाळणारा आणि चौथा शेवटच्या सहा आउटसाठी, शक्यतो डावखुरा.

या मर्यादा मोडल्या की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटण्याचा धोका वाढतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर अशा दुखापतीची पहिली शस्त्रक्रिया केली आणि तो पुन्हा खेळला. पण अमेरिकी व्यावसायिकाला मिळणारा तो उपचार आणि वर्षभराचं पुनर्वसन परतूर-मंठ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला परवडणारं नाही. त्याचा कोपर गेला की खेळ तर जातोच, शेतातलं कामही अवघड होतं. बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या जालन्याला वेगळं सांगायला नको की पेरणीसाठी राखलेलं धान्य कुणी दळायला काढत नाही. कॉलेज पातळीवरचा एक सामना जिंकायला अठरा वर्षांच्या मुलाकडून दीडशे चेंडू टाकून घेणं म्हणजे तेच करणं.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघाने एक वही घालावी. तारीख, पिचरचं नाव, टाकलेले चेंडू, दुसऱ्या दिवशी खांदा कसा आहे, असे चार रकाने पुरेत. सरावातले चेंडूही त्यात धरावेत. ही वही प्रशिक्षकाजवळ नाही, तर डग-आउटमध्ये बसलेल्या राखीव मुलाच्या हाती द्यावी. जिंकण्याच्या भरात प्रशिक्षक आकडा विसरतो, वही विसरत नाही.

संघाची यादी फलकावर लागली की पोरं आधी चौथ्या क्रमांकाचं नाव शोधतात. प्राचार्यांनी, क्रीडा संचालकांनी आणि पालकांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुमचा तिसरा पिचर कोण, आणि त्याने मागच्या आठवड्यात किती चेंडू टाकले? ज्या संघाकडे याचं उत्तर तयार असेल, तो या हंगामात लांब जाईल, आणि त्याची मुलं पुढच्या हंगामातही खेळताना दिसतील.