निवळणे, गाळणे आणि क्लोरीन

पाण्याच्या शुद्धीसंबंधी मराठीत रूढ असलेली क्रियापदे बहुतांशी गढूळ पाण्याच्या अनुभवातून आलेली आहेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्याच्या क्रियेसही आपण तीच लावतो. आणि त्यामुळे घोटाळा केवळ शब्दांचा न राहता कृतीचा होतो. घरी बिअर करताना घ्यावयाच्या पाण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून मद्य करता येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. परंतु इंग्लंडमध्ये घरच्यापुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही व अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तीस संघीय मोकळीक दिली. तेथील मराठी कुटुंबांस हा प्रश्न प्रत्यक्ष पडू शकतो.

पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही नावे आजही तोंडी आहेत. तळ्याविहिरीच्या पाण्यास 'निवळणे' हे क्रियापद अचूक लागू पडते. हंडा भरावा, निवळीचे बी उगाळून घालावे किंवा तुरटी फिरवावी, झाकण ठेवावे आणि हंडा हलवू नये. गाळ तळाशी बसतो. पुढे गाढी नदीवरील देहरंग धरणाचे पाणी नळाने आले. नळाच्या पाण्यास क्लोरीनचा वास येतो, आणि तो जावा म्हणून कोणी सांगते, 'पाणी रात्रभर निवळू द्या.' ऐकणारा जुन्या सवयीने हंड्यावर झाकण ठेवतो.

येथेच शब्द फसवितो. गाळ खाली जातो, क्लोरीन वर जातो. त्याला पसरट, उघडे भांडे हवे. पाणी ढवळले तर तो अधिक लवकर निघतो, उन्हानेही त्याचा क्षय होतो. म्हणजे निवळण्याचे दोन्ही नियम येथे उलटे होतात. या क्रियेस 'क्लोरीन उडू देणे' म्हणावे, असे आम्हांस वाटते. अत्तर उडते, कापूर उडतो, तसाच क्लोरीनही. (हा शब्द परका खरा, परंतु अगदीच अनोळखी नव्हे. डेव्हीने १८१० मध्ये तो ज्या ग्रीक 'ख्लोरोस', म्हणजे हिरवट-पिवळा, या शब्दावरून घडविला, त्याचे संस्कृत 'हरि'शी मूळ एक आहे. 'हरिद्रा'वरून आलेली आपली हळद त्याच कुळातील.)

बिअर करणाऱ्यास एवढी दक्षता का घ्यावी लागते? पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असे भारतीय मानक सांगते, व ते योग्यच आहे. परंतु सातूच्या टरफलातून पाण्यात फिनॉल वर्गाची द्रव्ये उतरतात; क्लोरीनशी त्यांचा संयोग होऊन क्लोरोफिनॉले बनतात. अब्जांशात काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही त्यांची औषधी, दवाखान्यासारखी चव जिभेस कळते, आणि ती मागाहून काढता येत नाही. म्हणून सातू भिजविण्यापूर्वीच क्लोरीन गेला पाहिजे. पुढे रस उकळला जातोच, हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. तोवर संयोग होऊन चुकलेला असतो.

'गाळणे' या शब्दाचीही हीच गत. फडक्याने गाळून क्लोरीन जात नाही. सक्रिय कोळशातून गाळल्यास जातो. शिवाय मराठीत दारू 'गाळतात', बिअर मात्र गाळीत नाहीत, आंबवितात. ऊर्ध्वपातन व किण्वन यांतील हा भेद आपल्या बोलीने नीट जपला आहे.

परदेशी एक अडचण अधिक असते. तेथील कित्येक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. ते ठेवून उडत नाही आणि उकळूनही सहजी जात नाही. तेथे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. आपल्याकडे घरगुती सरबते टिकविण्यासाठी घालतात तेच हे द्रव्य. त्याची सुमारे अर्ध्या ग्रॅमची एक गोळी ७५ लिटर पाण्यास पुरते आणि काम काही मिनिटांत होते. क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइड बनते. असे पाणी मात्र साठवू नये. क्लोरीन गेला की जंतूंपासून रक्षण करणारे त्यात काही उरत नाही. ते लगेच चुलीवर चढवावे.