मुलाला आजार नाही, मग समुपदेशन कशाचे?

ढोकी भागातील एक गृहस्थ मध्यंतरी आपल्या तरुण मुलाला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाने लागोपाठ तीन स्थळे नाकारली होती. खोदून विचारल्यावर त्याने आईला सांगितले, की मला मुलींचे आकर्षण वाटत नाही, मुलांचे वाटते. घरात रडारड झाली, अंगारे-धुपारे झाले. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळ्या द्या, इंजेक्शन द्या, पण यंदाच्या लग्नसराईत याचे दोनाचे चार हात झाले पाहिजेत." मुलगा मान खाली घालून बसला होता. दोन महिने त्याला झोप नव्हती, अन्नावरची वासना गेली होती.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ते आजारांच्या यादीतून काढून टाकले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. हे आकर्षण 'बदलून देतो' म्हणून उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. मात्र झोप उडणे, जीव नकोसा होणे हा त्रास खरा आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

मग समुपदेशक करतो काय? मुंबई-पुण्याकडे याला 'क्विअर-स्वीकारी' समुपदेशन म्हणतात. नाव अवघड असले तरी रीत सरळ आहे. प्रथम वडिलांना बाहेर बसवायचे. मुलगा जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचे नाही. गोपनीयतेचा हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच दिला आहे. 'तू असा कशाने झालास?' हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचे ते असे: हे आणखी कोणाला ठाऊक आहे? कोण टोमणे मारते? कोण पाठीशी आहे? मरणाचे विचार येतात का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. उलट मोकळेपणाने विचारल्यास माणूस बोलता होतो.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा, आणि आपल्याकडे तर फारच. दुःख केवळ मनात तयार होत नाही. घर, भावकी, जात, पैसा यांतूनही ते येते. वीस एकर बागायतदाराच्या मुलाला 'घरी सांगून टाक' म्हणणे एक वेळ चालेल. ऊसतोड कामगाराच्या मुलीचे काय? तोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती जोडी धरून. म्हणजे लग्नात नुसती रीत नसते, हिशेबही असतो. कोपीत आडोसा नाही, हातात स्वतःचा पैसा नाही, बहुधा फोनही घरातल्या पुरुषाचा. अशा मुलीला 'धीट हो, सांग' असा सल्ला देणारा समुपदेशक तिला मार खायला पाठवतो. तिच्याशी आधी बोलायचे ते शिक्षणावर, कमाईवर, अडचणीत कोणाच्या घरी जाता येईल यावर. सांगायचे की नाही आणि कधी, हे तिने ठरवायचे.

हे सारे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणेल. त्यांनी र. धों. कर्वे आठवावेत. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्वे यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

पालकांचेही समुपदेशन लागते, आणि त्यांना गुन्हेगार ठरवून ते होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा २०२१ च्या निकालापूर्वी आपल्याला हा विषय कळत नाही असे मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे बसले. न्यायमूर्तींना शिकावे लागले, तर बापाला वेळ लागणारच. लग्नाबाबत मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. लग्न हा यावरचा उपाय नाही. लग्न लावल्याने आकर्षण बदलत नाही, आणि कोणाच्या तरी लेकीचा जन्म त्यात विनाकारण भरडला जातो.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारावे, "तुम्ही याला आजार मानता का?" 'बरा करतो', 'हमखास गुण' असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे. जवळपास कोणी नसेल तर शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. मराठीतून बोलता येते. कोणी मरणाची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्या मुलाची झोप आता बरीच सुधारली आहे. वडील तिसऱ्या वेळी एकटेच आले. स्थळे पाहणे थांबवले म्हणाले. भावकीला काय सांगायचे ते मात्र त्यांना अजून सुचलेले नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचे ठरले आहे.