गांजाच्या वादात मन कुठे वळवलं जातं

कांद्याचा भाव पडला की राहुरीच्या बाजार समितीत काय किंवा वांबोरीच्या उपबाजारात काय, कुणीतरी बोलून जातं, ‘यापेक्षा गांजा लावलेला बरा.’ बोलणारा वैतागून बोलतो आणि हिशेबपट्टी खिशात घालून घरी जातो. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हा वैताग अर्जात लिहून थेट जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. दोन एकरांत गांजा लावायची परवानगी त्याने मागितली होती. गांजा कायदेशीर करावा की नाही, या वादात माणसाचं मन कसं वळवलं जातं ते समजून घ्यायला हा अर्ज फार उपयोगी आहे.

अर्जाची सुरुवात नुकसानीपासून होते. कुठलंही पीक घेतलं तरी खर्च निघत नाही, कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. राहुरीचा शेतकरी इथेच मान डोलावतो, कारण हे त्याने भोगलेलं आहे. पुढचं वाक्य असं, की गांजाला बाजारात चांगला भाव आहे. मग मुदत येते: १५ सप्टेंबरपर्यंत परवानगी द्या, नाहीतर १६ तारखेपासून परवानगी मिळाली असं समजून लागवड करीन. आणि शेवटी, गुन्हा दाखल झाला तर जबाबदार प्रशासन. पोलिसांनी याला प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार म्हटलं. तसं असेल किंवा नसेल, अर्ज लोकांच्या मनाला भिडला, कारण त्यातलं दुःख खरं होतं.

गडबड आहे ती दुःख आणि मागणी यांच्या मधल्या जागेत. पहिलं वाक्य पटलं की दुसरं आपण तपासत नाही. गांजाला भाव का आहे? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. वीस किलोपेक्षा जास्त माल सापडला तर किमान दहा वर्षं, आणि जामीनही सहजासहजी नाही. या जोखमीची किंमत मालात मिसळलेली असते, आणि तिचा मोठा वाटा दलालाच्या खिशात जातो. उद्या बंदी उठली तर जोखीम जाईल आणि तिच्याबरोबर तो भावही जाईल. म्हणजे भाव दाखवला जातो बंदीच्या काळातला आणि स्वप्न दाखवलं जातं परवानगीच्या काळातलं.

परवान्याची शेती कशी असते ते मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात पाहायला मिळतं. तिथे अफू कायदेशीर पिकते. पण परवाना सरकार देतं, क्षेत्र सरकार ठरवतं, सगळी अफू सरकारच घेतं आणि भावही तेच ठरवतं. किमान उतारा भरला नाही तर परवाना जातो. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला वाट करून दिली, तीही टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांना. त्या झाडापासून धागा आणि बी मिळतं, आणि शेतकऱ्यांना भाव मिळतो तो धाग्याचा आणि बियांचा. व्यासपीठावरून ‘गांजाने शेतकरी तरेल’ असं सांगणारा माणूस हा फरक सांगत नाही.

आता दुसरी बाजू. विरोधकांचं मुख्य हत्यार भीती, आणि ते फार जुनं आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले जात होते, की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत हे खरं का. १८९३ मध्ये खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी चौकशीची मागणी लावून धरली आणि भारतीय भांग आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते, तीन सदस्य हिंदी होते, आणि ११९३ साक्षीदार तपासले गेले. आपल्या जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचाही या प्रकरणाशी संबंध आहे. मुंबई इलाख्यात परवान्यावर गांजा पिकवणाऱ्या भागांमध्ये हा जिल्हा होता.

आयोगाने इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या, आणि माझ्या मते अहवालातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. रस्त्यावर भटकणारा कुणी पोलिसांना सापडे. त्याला इस्पितळात पाठवताना फॉर्म भरायचा, त्यात ‘वेडाचं कारण’ असा रकाना. नातेवाईक सापडत नसत, पूर्वीची माहिती नसे. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं तरी पुरे. रकान्यात ‘गांजा’ लिहिलं जाई. इस्पितळात तोच शब्द नोंदवहीत उतरे, नोंदवहीतून वार्षिक तक्त्यात, आणि तक्त्यातून संसदेतल्या भाषणात. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे हे कारण होतं. आयोगाने एकेक प्रकरण तपासलं तेव्हा ९८ उरली, आणि त्यांतही निव्वळ गांजा हे कारण ६१ मध्येच धरता आलं. माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष आयोगाने दिला.

ती ६१ माणसं खोटी नव्हती, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आजचं वैद्यकशास्त्रही सांगतं. ज्या आईचा मुलगा त्यात अडकला तिला आकडे सांगून गप्प करणं क्रूरपणाचं आहे. मात्र तिचं दुःख पुढे करून नेता जेव्हा ‘ड्रग्ज’ हा एकच शब्द वापरतो, तेव्हा सावध व्हावं. २०२३ मध्ये पुणे-नाशिकच्या ज्या अमली पदार्थांच्या प्रकरणांनी महाराष्ट्र हादरला, त्यांतला माल मेफेड्रोन, म्हणजे एमडी होता. कारखान्यात बनणारं रसायन आणि शेतात वाढणारं झाड यांचे धोके वेगळे, उपायही वेगळे. एका शब्दात दोन्ही कोंबले की एकाची भीती दुसऱ्यावर आपोआप चढते.

करुणेचंही असंच होतं. अमेरिकेत शार्लट फिगी या चिमुरडीला अपस्माराचे भयंकर झटके येत. २०१३ मध्ये तिची कहाणी दूरचित्रवाणीवर आली आणि अनेक राज्यांचे कायदे हलले. तिला गुण आला तो गांजाच्या झाडातल्या सीबीडी या द्रव्याने. तिला दिल्या जाणाऱ्या तेलात नशा आणणारं टीएचसी नगण्य होतं. पण तिचा चेहरा आठवत लोक गांजाच्या सगळ्याच प्रश्नांवर मत बनवू लागले. आपल्या कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी मुळातच वाट ठेवलेली आहे. ती वाट रुग्णापर्यंत पोहोचते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा.

अभिमानाचा सूर तर महाशिवरात्रीला हमखास लागतो: महादेवाची बुटी, आयुर्वेदाचं औषध, परक्यांनी लादलेली बंदी. यात तथ्य आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आपल्यावर आलं, आणि १९८५ च्या कायद्याने गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे असं ठरवून नुसती पानं बाहेर ठेवली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा असल्याने पानांपासून होणारी भांगही मोकळी नाही. परंपरा सांगणारे हा तपशील क्वचितच सांगतात. ‘दारू चालते, मग गांजा का नको?’ हा प्रश्नही न्यायाच्या भावनेला हात घालतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पिणारे आणि ३.१ कोटी भांग-गांजा-चरस घेणारे आढळले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे पाहून गांजाबद्दल कुठलं उत्तर निघतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर मिळालं असं होत नाही.

भावना बाजूला ठेवा, असं मी म्हणणार नाही. थकलेलं ऊसबिल, व्यसनात गेलेला मुलगा, वेदनेने तळमळणारा रुग्ण, यांच्यामुळेच तर कायद्याचा विचार करावा लागतो. पण त्यांच्या नावाने कुणी मत मागू लागला तर त्याला लगेच विचारावं: झाडाचा कुठला भाग, किती टीएचसी, परवाना कुणाला, खरेदी कोण करणार आणि कुठल्या भावाने, शाळेच्या पोरांपर्यंत माल जाणार नाही हे कोण पाहणार?

हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरापुरत्या नियंत्रित लागवडीचा ठराव केला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांवर प्रायोगिक अभ्यासाचं काम सोपवलं. महाराष्ट्रात हा विषय कधी गंभीरपणे निघाला, तर त्याची सुरुवातही सभेतल्या टाळ्यांनी होऊ नये. राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. सरकारने रीतसर परवानगी देऊन आधी तिथे प्रयोग करून घ्यावेत, एकरी खर्च, उत्पन्न आणि टीएचसीचं प्रमाण जाहीर करावं, आणि मगच शेतकऱ्याला कुठलंही स्वप्न दाखवावं.