बाण दाबला, आवाज कुठे अडला?

स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. वर्डमध्ये टायपिंग सुरळीत, ब्राउझर ठीक, पण फोल्डर उघडला की संगणक जड होतो. डाउन ॲरो दाबायचा, थांबायचे, मग कुठे फाइलचे नाव कानावर येते. त्यावरचा सल्लाही ठरलेलाच: रॅम वाढवा, एसएसडी बसवा, नाहीतर स्क्रीन रीडरच बदला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने फरक पडतो, यात वाद नाही. पण वर्ड झरझर चालते आणि फोल्डर तेवढा रेंगाळतो, तेव्हा गोम यंत्राच्या ताकदीत असण्याची शक्यता कमी. ती बहुधा फाइल एक्सप्लोरर डोळ्यांसाठी जी आरास मांडत बसतो तिच्यात असते, आणि जो ती पाहतच नाही त्याला तिची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

एनव्हीडीए, जॉज किंवा विंडोजमधला नॅरेटर हे स्क्रीन रीडर पडदा वाचत नाहीत, ते विचारतात. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून त्यासाठी यूआय ऑटोमेशन नावाची व्यवस्था आहे. तुम्ही एक ओळ खाली गेलात की एक्सप्लोरर 'फोकस बदलला' असे कळवतो. मग स्क्रीन रीडर पुसतो: नाव काय, निवडलेली आहे का, कितव्या क्रमांकावर, रकान्यांत काय आहे? यातला प्रत्येक प्रश्न एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जातो आणि उत्तर घेऊन परततो. उत्तर सहसा एक्सप्लोररचा जो धागा (थ्रेड) खिडकी रंगवतो, त्यालाच द्यावे लागते. म्हणजे बँकेत खिडकी एकच आणि पासबुक छापणाराही तोच कारकून. तो दुसऱ्या कामात अडकला की प्रश्न रांगेत थांबतो, आणि कानाला ती शांतता स्क्रीन रीडरची वाटते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की त्याच संगणकावर डोळस सहकाऱ्याला काहीच अडत नाही. मग दोष स्क्रीन रीडरचाच नव्हे काय? नाही, कारण दोघे एकच काम करत नसतात. डोळस माणूस एका नजरेत वीस-पंचवीस ओळी टिपतो. चित्रे मागाहून उमटली तरी त्याचे बिघडत नाही. कानावर काम करणाऱ्याला दर ओळीसाठी नवा प्रश्न विचारावा लागतो. दर बाणाला अर्धा सेकंद उशीर धरला, तर ३०० फायलींच्या फोल्डरात नुसते थांबण्यात अडीच मिनिटे जातात. तोच अर्धा सेकंद डोळ्याला जाणवतही नाही.

म्हणून आधी उशिराचे ठिकाण पकडावे. नोटपॅडमध्ये दहा ओळी लिहून बाणाने खाली-वर करा. तिथेही आवाज मागे पडत असेल, तर एक्सप्लोररचा संबंध नाही. ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचे लावा, किंवा आवाज ई-स्पीक करून पाहा. तो कानाला गोड नाही, पण चपळ आहे. नोटपॅड झटपट आणि फोल्डर मंद असेल, तर एनव्हीडीए बंद करून कंट्रोल-विंडोज-एंटरने नॅरेटर सुरू करा. तोही अडखळला, तर वाचणारा निर्दोष सुटला. आपल्याकडे आणखी एक चकवा असतो. निवडलेल्या इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नसेल, तर मराठी नावाच्या फाइलवर तो गप्पच बसतो. तो उशीर नव्हे. मराठी येणारा आवाज निवडला की प्रश्न मिटतो.

दोष एक्सप्लोररचा ठरला की आरास उतरवायला घ्यावी. कंट्रोल-शिफ्ट-६ ने डिटेल्स व्ह्यू येतो. फायलींच्या चित्रांचे काम तिथेच संपते. प्रीव्ह्यू पेन उघडा असेल तर ऑल्ट-पी ने बंद होतो. तो उघडा असताना प्रत्येक बाणासरशी त्या फाइलचा मजकूर दाखवायचा खटाटोप चालू असतो. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला कस्टमाइझ टॅब. विंडोज फोल्डरातल्या फायली पाहून तो फोटोंचा की गाण्यांचा हे स्वतःच ठरवते आणि तसे रकाने लावते. 'डेट टेकन' हा रकाना भरायचा तर प्रत्येक फोटोच्या पोटात शिरून तारीख काढावी लागते. त्या टॅबमध्ये 'जनरल आयटम्स' निवडावे, नको ते रकाने काढावेत. डाउनलोड्समध्ये तारखेनुसार पाडलेले गटही मोडून टाकावेत. ऑफिसात कधीकाळी जोडलेला आणि आता बंद पडलेला नेटवर्क ड्राइव्ह तपासावा. एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट पाहत खोळंबतो. आणि शिफ्ट-एफ१० ने मेनू उघडायलाच वेळ लागत असेल, तर संशय त्या मेनूत घुसलेल्या झिप किंवा अँटिव्हायरसच्या जोडण्यांवर घ्यावा.

स्क्रीन रीडर दर वेळी निर्दोषच असतो, असे मात्र नाही. एनव्हीडीएमध्ये हौसेने भरलेले ॲड-ऑन हे मंदपणाचे नेहमीचे कारण. एनव्हीडीए-क्यू दाबून ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू केले की खरे-खोटे कळते. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूआय ऑटोमेशनच्या घटनांची नोंदणी सरसकट करायची की निवडक, असा पर्याय आहे. सरसकट नोंदणीत कुठलीही बारीक हालचाल एनव्हीडीएच्या दारी येऊन आदळते. त्यामुळे तिथे कुणी 'ग्लोबल' करून ठेवले असेल, तर ते 'ऑटोमॅटिक'वर आणावे. एखादा प्रोग्रॅम काढून टाकल्यावर गडबड सुरू झाली असेल, तर एनव्हीडीएच्या टूल्समधले सीओएम नोंदणी दुरुस्तीचे साधन चालवून बघावे.

एवढी उस्तवार करण्यापेक्षा दुसरा फाइल मॅनेजर का वापरू नये? जरूर वापरावा, टोटल कमांडर अनेक जण वापरतात. पण ईमेलला फाइल जोडताना किंवा वर्डमधून सेव्ह करताना उघडणारी चौकट बहुधा विंडोजचीच असते, आणि तिथे तेच ड्राइव्ह, त्याच जोडण्या पुन्हा आडव्या येतात. 'नावाची पहिली अक्षरे टाइप करा' हा सल्ला याहून बरा, पण नावे धड असतील तरच. व्हॉट्सॲपवरून आलेले सगळे फोटो एकाच शब्दाने सुरू होतात. महाराष्ट्र शासनाचे जीआर उतरवले की लांबलचक संकेतांक हेच फाइलचे नाव असते, आणि कितीही वेगवान संगणक असला तरी ते आकडे शेवटपर्यंत ऐकावेच लागतात. तिथे सेटिंग कामाचे नाही. एफ२ दाबायचा आणि विषयाचा शब्द नावाच्या सुरुवातीला, तारीख शेवटी टाकायची.